लिंबाच्या वासाचे हात

ब्रदर क्रेगच्या हातांना कायम लिंबाचा वास यायचा. झाडावरच्या लिंबाचा नव्हे, बाटलीतल्या. हात चोळायचं ते औषध तो मिशनच्या व्हॅनच्या दारातल्या कप्प्यात ठेवायचा. वस्तीतल्या एखाद्या घरात शिरायचं, चटईवर मांडी घालून बसायचं, म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून गळा दाटून येईस्तोवर प्रार्थना म्हणायची, पोरांचे गालगुच्चे घ्यायचे, निघताना सगळ्यांना कडकडून मिठ्या मारायच्या, आणि व्हॅनचं दार लागलं रे लागलं की बाटली काढून कोपरापर्यंत हात चोळायचे. कालोलाईने नावाची मिशनमधली पोरगी मागच्या सीटवर बसून हे बघायची. सुरुवातीला तिला वाटलं, कातडीचं काहीतरी दुखणं असेल बिचाऱ्याला. पुढे कळलं की दुखणं बिखणं काही नव्हतं, माणूस ठणठणीत होता. तेव्हापासून तिला लिंबाचा वासच नकोसा झाला.

कालोलाईने आमची, टोंगातली, एउआ बेटावरची. तिला मिशनमध्ये धाडली ती फाताई आत्याने. आमच्याकडे आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाप घरचा कर्ता असेना का, त्याची बहीण उंबऱ्यात आली की तोही आवाज खाली करतो आणि चांगली चटई तिच्यासाठी सोडतो. तर या फाताई आत्याने एका रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून सांगून टाकलं की आमची कालोलाईने दोन वर्षं देवाची सेवा करायला फिजीला, सुवा शहरात जाणार. पोरीला विचारलं का? छे, कशाला विचारतील. पण पोरगीही खूश होती. एकविसावं सरलेलं, गळा गोड, बायबल तोंडपाठ, आणि एउआच्या पलीकडचं जग बघायची हौस. निघायच्या दिवशी बापाने उमू पेटवला, खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर अख्खी डुकरं भाजली, अळकुड्या भाजल्या, सगळा गाव जेवला. आत्याने स्वतःच्या हाताने विणलेली कमरेची चटई, आमची ताओवाला, तिच्या कमरेला गुंडाळली आणि म्हणाली, मोठ्यांसमोर हिच्याशिवाय उभी राहू नकोस.

सुवात पाऊस थांबतो तो पुन्हा सुरू व्हायला. मिशनच्या घरात कपड्यांना बुरशी, गाद्यांना बुरशी, गिटारच्या पेटीलासुद्धा बुरशी. त्याचं तिला काही वाटलं नाही, बेटावरच्या माणसाला ओलीची काय किळस. तिला किळस आली ती सकाळच्या बैठकीची. रोज न्याहारीनंतर सगळी मिशनची पोरं गोल करून बसायची आणि काल कुणी कुणाला रडवलं हे सांगायची. एक ऑस्ट्रेलियन मुलगा सांगायचा, त्या बाईचा नवरा वारल्याचा विषय मी काढला आणि ती फुटलीच. मग सगळे टाळ्या वाजवायचे. ब्रदर क्रेग डोळे मिटून म्हणायचा, किती सुंदर. त्याला सगळंच सुंदर वाटायचं. गळकं पत्र्याचं घर सुंदर, शेंबडं पोर सुंदर, विधवेचं रडू तर फारच सुंदर.

तिच्या वाट्याला तिवरांच्या काठची एक वस्ती आली होती. भरतीला पाणी घरांखालून जायचं, ओहोटीला चिखलाचा वास यायचा. तिथे शेवटच्या घरात लितिया नावाची म्हातारी राहायची. सगळे तिला बुबू म्हणत, म्हणजे आजी. मूळची फिजीच्याच, पण टोंगाकडच्या लाऊ बेटांची. तिकडे आणि आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येणंजाणं, सोयरीक, त्यामुळे तिला चार शब्द टोंगन येत. पहिल्याच भेटीत कालोलाईनेच्या कमरेची चटई चाचपून ती म्हणाली होती, "विणणारीचा हात चांगला आहे गं. आई का?" कालोलाईने म्हणाली, आत्या. "मग तर जपून बस हो," असं म्हणून म्हातारी हसली, आणि त्या दिवसापासून ते घर तिचं झालं.

बुबू लितिया कुणालाच नाही म्हणत नसे. आलेल्याला चहा, उकडलेला कसावा, आणि तो जे म्हणेल त्याला हो. आधी दोन मिशनं येऊन गेली होती, त्यांनाही ती हो म्हणाली होती. आमच्याच प्रार्थनेला याल का? हो. प्रभूला जीवन द्याल का? हो हो, चहा घ्या. आता पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं, हे आमच्या बेटांवर शेंबड्या पोरालाही कळतं. तसला हो म्हणजे 'बसा' म्हटल्यासारखा. त्याला कुणी वचन समजत नाही. रविवारी बुबू आपली टोपी घालून आपल्या जुन्या चर्चमध्ये जायची, लहानपणापासून जात होती तशी.

हे ब्रदर क्रेगला समजेना. त्याने तिला बाप्तिस्म्यासाठी हो म्हणवून घेतलं, दिवस ठरवला, आणि त्या दिवशी म्हातारी पाहुणचाराला हजर, पण पाण्यात उतरायला नाही. आज गुडघा दुखतोय म्हणाली. पुढच्या वेळी भाचीचं लग्न. त्याच्या पुढच्या वेळी नुसतीच हसली. क्रेग चिडला. त्यातून ईस्टरला ब्रिस्बेनहून मिशनला मदत करणारे पाहुणे यायचे होते आणि त्यांना दाखवायला त्याला पांढऱ्या केसांची म्हातारी समुद्रात उतरताना हवी होती. "त्या चेहऱ्यातच अख्खं प्रवचन आहे," असं तो एकदा जेवताना म्हणाला. वर हावरटासारखा हसला. कालोलाईनेने ताट सारलं.

मिशनची व्हॅन चालवायचा आपेनिसा. चाळिशीचा, सरळ माणूस, त्याच वस्तीतला. क्रेग एकदा त्याच्याजवळ गोडीत शिरला, मला तुमच्या रीती शिकव म्हणाला. आपेनिसाला वाटलं, चला, अखेर याला अक्कल आली. त्याने भोळेपणाने सगळं सांगितलं. देवमाशाचा दात असतो, काथ्याच्या गोफात बांधलेला, त्याला तांबुआ म्हणतात. तो समोर ठेवून मागणी केली आणि समोरच्याने दात हातात घेतला की मागणी मान्य झाली. मग काही झालं तरी शब्द फिरत नाही. लग्नाची मागणी अशीच, मोठ्या भांडणाची समेट अशीच. आणि खाली ठेवलेला दात न उचलणं म्हणजे पाहुण्याचा, त्याच्या पूर्वजांचा, सगळ्यांचा पाणउतारा.

आता बघा. हाच क्रेग वस्तीत उभा राहून सांगायचा की यांगोना, म्हणजे मुळं कुटून केलेलं मानाचं पेय, ते पिणं आणि दात पुजणं हा जुना अंधार आहे, प्रभूच्या लेकरांनी तो टाकून द्यावा. आणि हाच क्रेग गहाणवटीच्या दुकानातून, कुण्या गरजवंताने तिथे सोडलेला तांबुआ घेऊन आला.

त्या दुपारी कालोलाईने बरोबर होती. कशाला चाललोय ते तिला ठाऊक नव्हतं. क्रेगने चटईवर बसून पिशवीतून दात काढला तेव्हा आपेनिसाचाच चेहरा आधी उतरला. क्रेगने पाठ केलेले शब्द म्हटले, अर्धे चुकीचे, पण मागणी स्पष्ट होती: ईस्टरच्या सकाळी बुबूने आमच्याकडून पाण्यात बाप्तिस्मा घ्यावा, आमची व्हावी. मग दात खाली ठेवून तो वाट बघत बसला. म्हातारीने दाताकडे पाहिलं. चहाचा कप बाजूला केला. तिचे हात पुढे यायला बराच वेळ लागला, पण आले. दात उचलून तिने मांडीवर घेतला, रीतीचे दोन शब्द पुटपुटली आणि ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ती कुणाला 'चहा घ्या' म्हणाली नाही.

व्हॅनचं दार लागलं. बाटली निघाली. "आता कशी सुटते," क्रेग हात चोळत म्हणाला. तो वास व्हॅनभर झाला. कालोलाईनेने आपेनिसाला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकली. मागून क्रेगने तिच्या पाठीवर हात ठेवला, सिस्टर, बरं नाही का. तिने पाठ अशी आखडली की त्याने हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बुबूकडे गेली. दात खिडकीत ठेवला होता आणि म्हातारी पेटीतले कपडे काढून पुन्हा घडी करत बसली होती. तिला पाण्याची भीती का, असं कालोलाईनेने विचारलं.

"पाण्याची कसली भीती. पाण्यातच जन्म गेला."

मग काय ते तिने हळूहळू सांगितलं. लाऊमधल्या तिच्या गावात चर्चच्या आवारात तिचा नवरा एमोसी पुरलेला. त्याच्या डाव्या हाताला तिची जागा ठेवलेली, दगड लावून, शंखांनी आखून. गावाची रीत अशी की त्या चर्चचा माणूसच त्या आवारात. जो दुसरीकडे पाण्यात उतरला तो भिंतीबाहेर. एमोसीचा सख्खा भाऊसुद्धा भिंतीबाहेर आहे. बुबू हे सांगताना रडली बिडली नाही. एक जुना झगा उलगडून तिने उजेडात धरला आणि म्हणाली, "हा घालून पुरा म्हणून सांगून ठेवलं होतं. आता काय, कुठलाही चालेल."

कालोलाईने म्हणाली, मग नाही म्हणून सांगा ना त्याला. म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की पोरीला आपलीच लाज वाटली.

"दात घेतलाय मी, पोरी. मला तोंड फिरवता येत नाही. मागणी ज्यांनी आणली त्यांनीच चुकलो म्हणून जमिनीवर बसून ती परत मागितली, तर मी मोकळी. पण पाहुणा कुठे माफी मागायला बसलाय."

कालोलाईने तडक क्रेगकडे गेली. तिने हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हणाली, त्या बाईला तिच्या नवऱ्याशेजारी झोपायचंय, एवढंच. तुम्ही मागणी परत घ्या. क्रेगने सगळं शांतपणे ऐकलं, हसला, म्हणाला, सिस्टर, स्वर्गात गेल्यावर कबर कुठे हे कोण विचारतं. कालोलाईने म्हणाली की तुम्ही तर दाताला अंधार म्हणत होता. त्यावर तो म्हणाला, आपण त्यांच्या संस्कृतीचा मान ठेवलाय. तिला शब्दाने बांधल्यासारखं वाटतंय ना, हेच तर किती सुंदर आहे. आणि मग आवाज आणखी मऊ करून त्याने विचारलं की तू आज्ञा मोडून मध्येच घरी परत गेलीस तर तुझ्या आत्याला काय वाटेल. कालोलाईनेने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतक्या स्वच्छ दातांचं, इतकं हसरं तोंड, आणि तिला वाटलं, चिखलातला खेकडा परवडला, निदान तो नांगी दाखवतो तरी. ती उठली आणि व्हॅनपाशी गेली. आपेनिसा पानं झाडत होता. तो तिची वाटच बघत होता. माफी मागताना पुढे ठेवायला यांगोनाच्या मुळांची एक चांगली जुडी मी आणून देतो, असं तिने मागायच्या आतच तो म्हणाला.

ईस्टरच्या सकाळी किनाऱ्यावर मंडप घातला होता. ब्रिस्बेनचे पाहुणे खुर्च्यांवर, वस्तीची माणसं मागे वाळूवर. गिटार चालू. बुबू लितियाला पांढरा पायघोळ अंगरखा घालून पुढे बसवलं होतं, मांडीवर दात. क्रेग गुडघाभर पाण्यात, गळ्यात कॅमेरा, कारण हे फोटो तो दुसऱ्या कुणाला काढू देत नसे.

तेवढ्यात कालोलाईने आली. आत्याची चटई तिच्या अंगावर नव्हती. मिशनच्या घराच्या दारात पाय पुसायला पडलेली जुनी चटई, फाटकी, चिखलाने काळी झालेली, ती तिने अंगाला गुंडाळली होती, पार छातीपर्यंत, वरून दोरी. आमच्याकडे माफी मागायला माणूस असाच जातो, घरातली सगळ्यात वाईट चटई गुंडाळून. वस्तीतली कुजबुज थांबली. बुबूने पाहिलं आणि तिची पाठ ताठ झाली. लाऊची बाई ती, तिला सांगावं लागलं नाही.

कालोलाईने म्हातारीपासून लांबच, ओल्या वाळूत बसली. जुडी पुढे ठेवली. मान इतकी खाली घातली की केस वाळूला लागले. मोडक्यातोडक्या फिजीयनमध्ये म्हणाली, "बुबू, आम्ही पाहुणे म्हणून आलो आणि चोरासारखे वागलो. तुमचीच रीत तुमच्या गळ्यात फास म्हणून टाकली. मी आमच्या मिशनच्या घरातली सगळ्यात लहान, म्हणून मी बसलेय. आमची मागणी परत द्या."

गिटार चालूच होती. पाहुण्यांतली एक बाई 'आमेन' म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. क्रेगचं तोंड आनंदाने फुललं. त्याला वाटलं, पोरगी पश्चात्तापाने विरघळली, पवित्र आत्मा उतरला. तो पाण्यातून धावत आला, तिच्या डोक्याशी उभा राहून, या बाजूने, त्या बाजूने फोटो काढत सुटला. तिच्या मानेवर पडलेली त्याची सावली वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिली. कुणी हललं नाही. म्हातारी बोलेपर्यंत हलायचं नसतं, उभं राहायचं तर नाहीच.

बुबू लितियाने जुडीला हात लावला. मग मोठ्याने, वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "घेतली. फिटलं." ओंजळीच्या टाळ्या वाजल्या, आधी तिच्या, मग मागून सगळ्या वस्तीच्या. तिने दात उचलून कालोलाईनेच्या दोन्ही हातांत दिला, पांढरा अंगरखा डोक्यावरून काढला, आत आपला फुलाफुलांचा झगा होताच, अंगरख्याची नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली. आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "चला, चहा घ्यायला चला."

वस्ती उठून तिच्यामागे गेली. क्रेग पाण्याकडे बघतो, म्हातारीच्या पाठीकडे बघतो. काय झालं ते आपेनिसाने त्याला सांगितलं, सांगताना त्याने व्हॅनची किल्लीही क्रेगच्या हातात ठेवली आणि तोही चहाला गेला. कालोलाईनेने दात क्रेगपुढे धरला. याचं मी काय करू, असं तो म्हणाला. ती म्हणाली, जिथून आणला तिथे नेऊन द्या. त्याने तो खिशात कोंबला आणि सवयीने बाटलीसाठी चाचपडला.

आज्ञाभंग केला म्हणून त्याच आठवड्यात तिला घरी धाडलं. दोन वर्षांचा निम्मा काळही झाला नव्हता. पण फोटो तिच्या आधी पोचला होता. एउआच्या चर्चच्या भिंतीवर मोठा करून लावलेला. खाली छापलेलं: प्रभूपुढे नतमस्तक झालेली आमची टोंगन भगिनी. म्हणजे हाकलून दिली ती हीच, आणि जाहिरातीला वापरली तीही हीच. गावातल्या बायका धक्क्यावरच तिच्या गळ्यात पडल्या, काय भाग्य तुझं म्हणाल्या. फाताई आत्या मात्र बाजूला उभी राहिली. भर चर्चमध्ये दोन वर्षांचा शब्द तिने दिला होता, तो मोडला होता. परतलेल्या पोरीसाठी उमू पेटला नाही. घरी डब्यातली मासळी खाल्ली सगळ्यांनी, आणि बापाने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या तिला घेऊन चर्चमध्ये गेली. रिकामं होतं. फोटोसमोर उभं करून आत्याने तो बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"ही चटई कुठली?"

"मिशनच्या दारातली. पायपुसणं."

"म्हणजे तू प्रार्थना करत नव्हतीस."

"नाही, आत्या."

"माफी मागत होतीस. कुणाची?"

कालोलाईनेने सांगितलं. लाऊची म्हातारी, तिचा एमोसी, शंखांनी आखलेली जागा, दात, सगळं. आत्याने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, म्हातारीने घेतली का? घेतली, पोरगी म्हणाली. मग आत्याने फोटोवर बोट ठेवलं, तिच्या वाकलेल्या मानेवर पडलेल्या त्या सावलीवर.

"आणि हा कोण? तू माफी मागत असताना हा उभा होता?"

"हो, आत्या. फोटो काढत होता."

फाताई आत्या, जी चर्चमध्ये कधी शिंकलीसुद्धा नाही, ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पचकन थुंकली. परत येऊन तिने फोटो भिंतीवरून उपटून काढला, चारही खिळे तिथेच पडले. मग पायरीवर उभं राहून तिने भावाला हाक मारली आणि उमू पेटवायला सांगितला.